शिलावर्तुळातला उत्सव कोणाचा?

विषय कळवताना आम्ही 'शिलावर्तुळे आणि सूर्योत्सव : एक परीक्षण' असं लिहून पाठवलं होतं. इथे फळ्यावर 'दगडी वर्तुळं आणि सूर्यपूजा' असं लिहिलंय. चालेल. पण ती पूजा होती की नव्हती, याच मुद्द्यावर आज आमचं भांडण आहे, तेव्हा एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

प्रसंग असा झाला. आमचा एक जुना विद्यार्थी नागपूरला असतो. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटलं नाही तर जेवणाच्या सुट्टीत पुन्हा गाठणारा. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, २१ जूनला पहाटे आम्ही पन्नासेक जण जुनापाणीच्या शिलावर्तुळांपाशी जमणार आहोत. सूर्योदय, ढोल, थोडं ध्यान, थोडी योगासनं. तुम्ही या, चार शब्द बोला." मागाहून निमंत्रण आलं. त्यात एक वाक्य होतं : आपल्या पूर्वजांचा तीन हजार वर्षांपूर्वीचा सूर्योत्सव पुन्हा सुरू करू या. आम्ही गेलो नाही. त्यानं कारण विचारलं, तेव्हा 'तब्येत' असं उत्तर दिलं. ते खोटं होतं. खरं कारण ते वाक्य होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आज ते वाक्यच आम्ही घेऊन आलो आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला दुसरं काय येतं? वाक्य हातात घ्यायचं आणि एकेक शब्द वाजवून बघायचा, मडकं घेताना वाजवून बघतात तसा.

आधी जुनापाणी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी फार जण तिकडे गेले नसतील. नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता हे ठिकाण येतं. माळरानावर मोठमोठे दगडगोटे गोलाकार मांडलेले दिसतात. एक-दोन नाहीत, सुमारे तीनशे वर्तुळं. विदर्भात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत : माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, रायपूर, बोरगाव. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची वर्तुळं खणली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहिलं. पुढे १९६१ च्या सुमारास बी. के. थापर यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि नायकुंड इथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. ही माणसं लोखंड वापरणारी होती. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. माहूरझरीला घोड्याचे सांगाडे मिळाले, त्यांच्या अंगावर तांब्याचे दागिने होते. काळ ढोबळमानानं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा.

आणि या वर्तुळांच्या आत काय असतं? मुरूम, दगडगोट्यांचा भराव, त्याखाली मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, मणी आणि माणसाची हाडं. म्हणजे ही थडगी आहेत. पुरातत्त्वातली माणसं 'महापाषाणयुगीन दफनं' म्हणतात, आपण साध्या भाषेत स्मशान म्हणू. निमंत्रणात हा शब्द कुठेही नव्हता.

आता शब्द घेऊ. पहिला 'पुन्हा'.

'पुन्हा सुरू करू या' म्हणायला आधी ते होतं असं ठाऊक असावं लागतं. हे ठाऊक आहे असं आमच्या विद्यार्थ्याला कुठून वाटलं? विदर्भातून नाही. ते आलं इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या स्टोनहेंजवरून. दरवर्षी २१ जूनच्या आसपास तिथे हजारो माणसं रात्रभर थांबून सूर्योदय बघतात, ते आता आपल्या मोबाइलवरही दिसतं. पांढरे झगे घातलेले लोक, ढोल, दगडांना टेकवलेली कपाळं. बघणाऱ्याला वाटतं, हे पाच हजार वर्षं असंच चालू असणार.

तसं अजिबात नाही. स्टोनहेंजचा पहिला गोल खंदक इसवीसनापूर्वी ३००० च्या सुमाराचा, आणि तिथेही जाळलेल्या मृतांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. मोठे दगड उभे राहिले ते इसवीसनापूर्वी २५०० च्या सुमारास. ज्या ड्रुइड पुरोहितांच्या नावानं आजचे पांढरे झगे घातले जातात, त्यांची वर्णनं रोमन लोकांनी लिहिली ती इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात आणि नंतर. मध्ये दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. ड्रुइडांची गाठ या दगडांशी घातली ती सतराव्या-अठराव्या शतकातल्या विद्वानांनी. आधी जॉन ऑब्रे, मग विल्यम स्टकली. स्टकलीचं पुस्तक १७४० चं. दगडांचा मुख्य अक्ष उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे जातो, हे निरीक्षणही त्याचंच, आणि ते बरोबर होतं. निरीक्षण खरं, गोष्ट बनवलेली. दोन्ही एकाच माणसाची, एकाच पुस्तकात. विद्वानांचं असं होतं, आम्ही स्वतःला वगळत नाही.

पुढे १९०५ साली 'एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स' नावाच्या मंडळानं तिथे मोठा दीक्षासमारंभ केला. १९७४ पासून हिप्पी मंडळींनी जूनमध्ये फुकट जत्रा भरवायला सुरुवात केली. १९८५ मध्ये पोलिसांनी तो जथा वाटेतच अडवून झोडपला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या दिवशी दगडांजवळ जायला बंदी होती. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं निकाल दिला की सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे जमणं हा काही आपोआप गुन्हा होत नाही, आणि २००० पासून लोकांना पुन्हा आत सोडू लागले. तेव्हा तिथला आजचा उत्सव वयानं आमच्यापेक्षा लहान आहे. पण तो खोटा आहे, असं आम्ही म्हणणार नाही. ज्यासाठी माणसांनी मार खाल्ला, कोर्टात उभी राहिली, ते त्यांचं झालंच. फक्त ते त्यांचं झालं, दगड उभारणाऱ्यांचं नव्हे.

आणि गंमत पुढेच आहे. स्टोनहेंजचा अक्ष एका टोकाला जूनच्या सूर्योदयाकडे जातो, म्हणजे दुसऱ्या टोकाला तो डिसेंबरच्या सूर्यास्ताकडे जाणारच. रेषेला दोन टोकं असतात, हे शाळेतलं पोर सांगेल. जवळच ड्युरिंग्टन वॉल्स नावाची त्याच काळातली वस्ती सापडली. तिथे खाल्लेल्या डुकरांच्या दातांवरून त्यांची वयं काढली, तर बरीचशी डुकरं नवव्या महिन्याच्या आसपास मारलेली. वसंतात जन्मलेलं डुक्कर नऊ महिन्यांचं होतं ते थंडीत. म्हणून तिथल्या अभ्यासकांचं बरंच वजन आता हिवाळ्याच्या पारड्यात आहे. म्हणजे लोक दोनशे वर्षं ज्या टोकाला तोंड करून उभे होते, पाठीमागचं टोक कदाचित महत्त्वाचं असेल.

दुसरा शब्द 'सूर्य'. इथे आम्हाला जरा रेंगाळायचंय, कारण हे पुस्तकात वाचायची गरज नाही, आपल्या अंगणात बघता येतं.

स्टोनहेंज ५१ अंश अक्षांशावर आहे. तिथे जूनमधला मोठा दिवस साडेसोळा तासांचा, आणि डिसेंबरमधला लहान दिवस आठ तासांहूनही कमी. म्हणजे वर्षाच्या दोन टोकांत दुपटीचा फरक. तिथल्या माणसाला सूर्य परत येतोय की नाही हा जिवाचा प्रश्न वाटला असेल, तर नवल नाही. आपलं गाव १९ अंशांवर. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांचा फरक. भारनियमन असतं तर लक्षातही आलं नसतं. तिकडे जूनचा सूर्य ठीक पूर्वेपासून उत्तरेकडे चाळीस अंशांच्या जवळपास सरकून उगवतो, आपल्याकडे पंचवीस.

पण आपल्याकडे दुसरंच काहीतरी घडतं, जे तिकडे कधीच घडत नाही. मेच्या मध्यावर एक दिवस आणि जुलैच्या अखेरीस एक दिवस, असा दोनदा भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे २१ जूनला दुपारी दहा फुटी खांबाची सावली दक्षिणेला पडते, वीतभर. या तालुक्यात किती जणांनी ती पाहिलीय? आम्ही सत्तरी ओलांडली, आम्ही एकदाच पाहिली.

कारण सरळ आहे. २१ जूनला आकाश कुठे असतं? मृग होऊन गेलेला असतो, आणि नेमक्या २१-२२ जूनलाच सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो. 'आर्द्रा' म्हणजे ओली. आपल्या शेतकऱ्यानं या तारखेला नाव दिलंय ते पावसाचं. त्या दिवशी तो वर बघतो तो सूर्य दिसावा म्हणून नाही, दिसू नये म्हणून. पेरणीची घाई असते, वाफसा आहे का ते बघायचं असतं. पाऊस लांबला तर त्या दिवशीचा लख्ख सूर्य ही आपल्याकडे वाईट बातमी. मग कोणी म्हणालं, 'सूर्योदयाचा उत्सव करू', तर त्याला आपली आजी काय म्हणाली असती? आम्ही चारचौघांत सांगत नाही.

परवा विद्यार्थ्यानं फोनवर स्वतःच सांगितलं, "सर, २१ जूनला सूर्य दिसलाच नाही. ढग होते. मग ढोल वाजवून परत आलो."

अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीही विदर्भात पाऊस जूनमध्येच येत होता. ज्यांना वर्षाचा एक ठाम सूर्योदय दगडात धरून ठेवायचा आहे ते ढगाळ महिना निवडतील, की डिसेंबरचं स्वच्छ आकाश? हा पुरावा नव्हे. पण उत्सवाची तारीख ठरवण्याआधी हा प्रश्न मनात यायला हरकत नव्हती.

तिसरा शब्द 'उत्सव', आणि खरं भांडण इथे आहे.

आपल्या परंपरेत हा दिवस माहीतच नव्हता असं नाही. चांगला माहीत होता. त्याला दक्षिणायनाचा आरंभ म्हणतात. उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र. भीष्म शरपंजरी पडून राहिले ते उत्तरायणाची वाट बघत. त्याच सुमाराला आपल्याकडे देवशयनी एकादशी येते, देव झोपायला जातात. म्हणजे हा दिवस आम्ही विसरलो नव्हतो, आम्ही त्याला उत्सवाच्या यादीत घेतलं नव्हतं. उत्सव केला तो दुसऱ्या टोकाचा, संक्रांतीचा. आणि तोही आता आकाशापासून सुटलाय. उत्तरायण सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, आणि तिळगूळ आपण वाटतो १४-१५ जानेवारीला. अयनचलनामुळे हे अंतर पडत गेलं. या प्रश्नावर पुण्यात एके काळी केवढी भांडणं झाली! केरूनाना छत्रे, लोकमान्य, शंकर बाळकृष्ण दीक्षित. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा, आजही वाचावा असा. टिळक पंचांग मानणाऱ्यांच्या घरी संक्रांत आजही चार-पाच दिवस आधी येते. मेघनाद साहांच्या समितीनं १९५५ साली अहवाल दिला, १९५७ मध्ये सरकारनं राष्ट्रीय पंचांग स्वीकारलं, आणि त्यात १ आषाढ २२ जूनला बांधून टाकला. आपल्यापैकी किती जण त्या पंचांगानं सण करतात? असो.

मग २१ जूनला आपल्याकडे उत्सवाचं वजन कधी आलं? २०१४ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत योगदिनाची सूचना मांडली, डिसेंबरात ठराव झाला, २०१५ पासून तो दिवस पाळला जातो. त्याच्याशी आमचं भांडण नाही. आसनं कोणीही, कुठल्याही तारखेला करावीत, आमच्या गुडघ्यांनी परवानगी दिली तर आम्हीही करू. पण विल्टशरचा ढोल आणि योगदिनाची सतरंजी एकत्र करून त्यावर 'पूर्वज' अशी चिठ्ठी लावली, की विचार करणाऱ्या माणसाला बोलणं भाग पडतं.

इथे कोणी म्हणेल, पण त्या वर्तुळांचा सूर्याशी संबंध आहे असं शास्त्रज्ञच म्हणतात ना? हो, काही प्रमाणात म्हणतात. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी ते वर्तुळाच्या कुठल्या बाजूला येतात हे मोजलं. ते वाटेल तसे विखुरलेले नसून ठरावीक दिशांना एकवटलेले दिसतात, आणि त्याचा आकाशाशी संबंध असू शकेल, असं त्यांनी मांडलं. 'असू शकेल' हे शब्द त्यांच्या लिखाणात आहेत. निमंत्रणापर्यंत पोचेपर्यंत ते गळाले.

दिशा आहे, हे मान्य. पण दिशा म्हणजे हेतू नव्हे, आणि हेतू म्हणजे उत्सव नव्हे. मध्ये दोन नाले आहेत, आणि उडी मारणारा एकदम पलीकडे उतरतो.

घोड नदीचंच उदाहरण घेऊ. आपल्या तालुक्यातून वाहणारी ही नदी खाली शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं तिथे राबली. तिथली वस्ती विदर्भातल्या वर्तुळांच्याही आधीची. त्या लोकांनी आपली माणसं घराच्या जमिनीतच पुरली, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. मोठ्या माणसांचे पाय तर घोट्याच्या वर तोडलेले. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. आता समजा, आणखी तीन हजार वर्षांनी कोणी या जिल्ह्यात उत्खनन करेल. त्याला इनामगावची दफनं मिळतील, उत्तर-दक्षिण. आणि एखादं मुसलमान कब्रस्तान मिळेल, तेही उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेलाच. तो लिहील : या प्रदेशात काही हजार वर्षं ध्रुवताऱ्याची उपासना अखंड चालू होती. किती सुंदर सिद्धान्त! आणि साफ चूक. कारण कब्रस्तानात उत्तरेला काहीच अर्थ नाही. तिथे चेहरा पश्चिमेला, काबेकडे वळवायचा असतो, म्हणून अंग उत्तर-दक्षिण येतं. आणि आपल्या घरात आई ओरडते, "दक्षिणेकडे पाय करून झोपू नकोस," ते तिसऱ्याच कारणानं, यमाच्या. दिशा एकच, अर्थ तीन. होकायंत्र अर्थ सांगत नाही.

तरी सूर्य आणि मृत यांचा संबंध आपल्याकडे अजिबात नाही, असं आम्हाला म्हणायचं नाही. उलट तो इतका जवळ आहे की दिसत नाही. गावोगावच्या वेशीवर, देवळामागे, वडाखाली वीरगळ असतात. त्यावर काय कोरलेलं असतं? खाली लढाई, मध्ये अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, वर शिवपूजा, आणि सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र. सूर्यचंद्र आहेत तोवर या माणसाचं नाव राहो. तिथे सूर्य हा देव म्हणून पूजेला बसलेला नाही. तो साक्षीदार आहे, सात-बाराच्या नोंदीवर साक्षीची सही असावी तसा. मेळघाटातले कोरकू मृतांसाठी लाकडाची कोरीव फळी उभारतात, तिच्यावरही सूर्यचंद्र असतात. गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया गोंड आजही मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, त्यासाठी सगं-सोयरं जमतं, जेवण होतं. जुनापाणीच्या लोकांचे हे वंशज आहेत असा दावा आम्ही करत नाही. पण मेलेल्यासाठी दगड का उभा करतात हे कोणाला विचारायचंच असेल, तर विचारायला जिवंत माणसं याच राज्यात आहेत. आम्ही भामरागड ओलांडून थेट विल्टशरला गेलो. तिथे जाणं सोपं आहे, ते इंग्रजीत आहे.

राहिला 'आपल्या पूर्वजांचा'. यावर फार बोलत नाही. ती माणसं कोण होती, कोणती भाषा बोलत होती, आज त्यांचं रक्त कोणाच्या अंगात आहे, हे त्या हाडांनी अजून सांगितलेलं नाही. 'आपले' म्हणताना माणूस बहुधा जमीन मागत असतो, एवढं म्हणून पुढे जातो.

हे सगळं आम्ही विद्यार्थ्याला शेवटी सांगितलं. मोठं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर चार ओळींचं आलं, आणि त्यानं आमची झोप गेली. त्यानं लिहिलं होतं, "सर, सगळं पटलं. पण तुमच्या या बरोबर असण्यानं एक तरी दगड वाचला का? शहर वाढतंय. कुठे रस्ता येतो, कुठे प्लॉट पडतात, कुठे मुरूम काढतात. मोजकी ठिकाणं सरकारी संरक्षणात आहेत, बाकीची शेतात, माळावर उघडी. चुकीच्या कारणानं का होईना, पन्नास माणसं तिथे आली. पुढच्या वर्षी पाचशे येतील. मग कोणाची हिंमत होईल जेसीबी लावायची?"

मंडळी, हा आक्षेप साधा नाही. आम्हाला झारखंडची आठवण झाली. हजारीबागजवळ पंकरी बरवाडीहला दोन उभे दगड आहेत. वसंतसंपाताला आणि शरदसंपाताला त्यांच्या मधल्या खाचेतून सूर्य उगवताना दिसतो, आणि ते बघायला हल्ली लोक जमतात. त्याच गावाच्या नावाचा मोठा कोळसा प्रकल्प त्या परिसरात आहे. त्या दोन दगडांची आज जी काही चर्चा होते, ती उगवत्या सूर्याचे फोटो निघाले म्हणून होते, हे मान्य करावं लागेल. आमच्यासारख्यांच्या परीक्षणामुळे नाही.

तरीही आमचं मन पूर्ण वळत नाही, आणि ते का, हे या गावात सांगणं सोपं आहे. बाबू गेनू सैद तुमच्याच गावचे. परदेशी कापडानं भरलेल्या लॉरीसमोर मुंबईत काळबादेवीला आडवे झाले, १२ डिसेंबर १९३०. वय बावीस. ते नाव घेऊन आता आम्ही म्हणू, की २१ जूनचा उत्सवही परदेशी माल आहे, अडवा त्याला, असं वाटलं असेल कोणाला. नाही म्हणणार. ती फार स्वस्त टाळी होईल, आणि त्या माणसाच्या मरणाची किंमतही त्यात कमी होईल. आम्ही वेगळंच विचारतोय. १२ डिसेंबरला इथे त्यांच्या स्मारकापाशी कोणी सतरंजी टाकून ध्यान-शिबिर भरवलं, कारण काय तर सूर्य त्या बाजूला छान उगवतो, तर आपल्याला कसं वाटेल? माणसं चांगली असतील, त्यांच्या येण्यानं स्मारकाची डागडुजीही होईल. तरी कुठेतरी खुपेल ना? खुपेल, कारण तिथे कोणाचं तरी मरण आहे, आणि आलेल्यांना ते दिसलेलं नाही. जुनापाणीच्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत, एवढाच फरक. नाव माहीत नसलं की मरण कमी होतं का, हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवला, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे तेव्हाही तयार नव्हतं.

'साजरा' या शब्दाचा मूळ अर्थ सुंदर, सजलेला. साजरा करणं म्हणजे सजवणं. दिवस सजवता येतो, घर सजवता येतं. दुसऱ्याचं थडगं सजवायचं, तर आधी त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं, आणि इथे विचारायला कोणी उरलेलं नाही. पाहायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. खांबाची वीतभर सावली पाहणं, वाट्यांची दिशा होकायंत्रानं मोजणं, किती दगड जागेवर आहेत ते वहीत लिहिणं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजणं. यात ढोल नाही, फोटोही बरा येत नाही. पण जेसीबीवाल्याला अडवायचं असेल तर शेवटी तीच वही लागते. गेल्या वर्षी इथे सदतीस दगड होते, आज एकतीस आहेत, असं सांगता आलं पाहिजे. 'इथे आमचा उत्सव होतो' एवढ्यानं फार तर चबुतरा मिळतो, मग शेड मिळते, मग फरशी. देवळांचं काय झालं ते आपण पाहतोच. अंगभर ऑइलपेंट लावलेला वीरगळ कोणी पाहिला नसेल, त्यानं हात वर करावा.

हे आम्ही त्याला कळवलं. तो हट्टी, आम्हीही हट्टी. मधला मार्ग त्यानंच काढला. यंदा २१ डिसेंबरला संध्याकाळी तो आठ-दहा जणांना घेऊन जुनापाणीला जाणार आहे. ढोल नाही. टेप, होकायंत्र, वही, आणि एक सरळ काठी. सूर्य नेमका कुठे मावळतो ते बघायचं, आणि दगड मोजायचे. आम्हाला बोलावलंय, आणि या वेळी तब्येतीचं कारण सांगायची सोय ठेवलेली नाही. तिकीट काढून पाठवलंय.

परवा त्याचा पुन्हा फोन आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "सर, मेलेल्यांच्या दारात जायचंय म्हणता, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? एक नारळ न्यायचा का?"

आम्ही त्याला अजून काही कळवलेलं नाही. आपल्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.